कोयता निघून गेला की मागे राहिलेल्यांची भाकरी: मंडळीनं ही सेवा कशी चालवावी

पहिल्या वर्षी आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, नाताळात पिशव्या वाटल्या. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरातली एक वाडी आहे. दिवाळीच्या सुमाराला तिथली तरणी माणसं ऊसतोडीला जातात आणि म्हातारे मागे राहतात. नाव सांगत नाही, तिथल्या म्हाताऱ्यांना तमाशा नको आहे. एक किलो तूरडाळ, दोन किलो साखर, तेलाची पिशवी, चहापत्ती, साबण आणि एक ब्लँकेट. मागे बॅनर, मध्ये पाळकसाहेब, पुढे म्हाताऱ्यांची रांग, फोटो. फेब्रुवारीत मी बीपी तपासायला त्याच वाडीत गेले, तर एका आज्जीच्या घरात आमची पिशवी खुंटीला जशीच्या तशी. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"आज्जी, डाळ शिजवली नाही का?"

"चूल फुकाया गेलं की डोळ्याला पाणी लागतंय बाई. दिसत न्हाई काय. पोरगं पाडव्याला येतंय, मग शिजवू की."

पाडवा दीड महिना लांब होता. तोवर ती काय खात होती? शेजारची अकरा वर्षांची पोरगी आपल्या आजोबांसाठी भाकरी करायची, त्यातली एक हिला द्यायची. अर्धी सकाळी चटणीला लावून, अर्धी रात्री पाण्यात कुस्करून. घरात डाळ होती, तेल होतं, आणि बाई उपाशी होती.

त्या दिवसापासून आमच्या पिशव्या बंद झाल्या. आता सहा हंगाम झाले, तालुक्याच्या गावातली आमची चाळीस घरांची मंडळी त्या वाडीत २३ म्हाताऱ्यांना रोज एक वेळचं गरम जेवण घालते. दुसऱ्या मंडळ्यांतले लोक विचारतात, कसं करता, किती लागतं, कुणी अडवत नाही का. दर वेळी फोनवर तासभर जातो, म्हणून एकदा लिहून काढते. मी ३४ वर्षं एएनएम, म्हणजे खेड्यातली सरकारी नर्स, म्हणून उपकेंद्रात काढली, तेव्हा मध्येमध्ये नर्सपणा डोकावेल. तो सहन करा.

आधी मोजा, तेही नवरात्रात

बाहेरच्या वाचकासाठी दोन ओळी. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, ती फेडायला दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून माणसं कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. मागे राहतात म्हातारे, आणि शाळा बुडू नये म्हणून ठेवलेली काही पोरं. काही म्हाताऱ्यांच्या अंगात अजून धमक असते, शेरडं राखतात, स्वतःचं रांधतात. त्यांना तुमची गरज नाही. काहींची एक सून घरी राहते. त्यांनाही नाही.

म्हणून यादी ग्रामपंचायतीतून आणू नका. आम्ही एकदा आणली, तिच्यात ६१ नावं होती आणि त्यात दोघं वारलेले होते. नवरात्रात, माणसं निघायच्या आधी, घरोघर जा आणि जाणाऱ्या सुनेला विचारा, मुलाला नको: "मामींना तुम्ही गेल्यावर भाकरी कोण करतं?" सून एका वाक्यात खरं सांगते. मुलगा सांगेल, "करते की म्हातारी आपलं आपलं." त्याला तसं मानावंच लागतं, नाहीतर त्याचा पाय निघणार नाही.

चुलीपाशी जाऊन बघा. तवा आहे का, राख ताजी आहे का, पीठ चाळलेलं आहे का. मी हात पुढे करायला सांगते, बोटं मिटायला सांगते. संधिवातानं ज्याची मूठ मिटत नाही त्याला भाकरी थापता येत नाही, हे कागदावर कुठेच येत नाही.

आमची संख्या २३ वर स्थिर आहे. तीसच्या वर जाऊ नका. तिसाच्या पुढं मोठी भांडी, मोठी चूल, गॅसच्या टाक्या, मग हिशोबाला माणूस, आणि मग ते जेवण राहत नाही, केंद्र होतं.

ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्येच घ्या

ही सेवा दिवाळीत सुरू होत असली तरी तिची तयारी आदल्या रब्बीच्या काढणीला सुरू होते. नवी ज्वारी बाजारात येते तेव्हा घेतली तर पुढच्या हंगामाला भाव बघत बसावं लागत नाही. आम्ही मालदांडीच घेतो. भाकरी पांढरी, मऊ, आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांना ती ओळखीची. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, पण सत्तर वर्षं ज्वारी खाल्लेल्या माणसाला दोन वेळा भात घातला की ते म्हणतं, "पोट भरलं, पण जेवलो न्हाई."

हिशोब असा. माणशी दोन भाकरी, भाकरीला १०० ग्रॅम पीठ. २३ जणांचं ४ किलो ६०० ग्रॅम, वर आलंगेलं धरून ५ किलो. दिवाळीच्या पाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत १५० दिवस धरा. साडेसात क्विंटल ज्वारी झाली. डाळ रोज दीड किलो, म्हणजे सव्वादोन क्विंटल. तेल रोज पावशेर, म्हणजे १५ लिटरचे अडीच डबे. तिखट-मीठ, शेंगदाणे, गूळ वेगळं. एवढी यादी चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीपुढं ठेवली तेव्हा खजिनदारांनी डोळे मिटले. मग मी म्हटलं, चाळीस घरांत वाटा. घरटी एकोणीस किलो ज्वारी येते. वर्षाला एकोणीस किलो! रोज दळणाच्या डब्यातून एक मूठ बाजूला काढली तरी होते. आमच्या बायकांनी तसंच केलं. प्रत्येक घरात पिठाच्या डब्याशेजारी एक रिकामा डालड्याचा डबा असतो, मूठ त्यात पडते, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्पणाच्या वेळी तो पुढं येतो. कमी पडतं ते हंगामाच्या सणाला, म्हणजे चर्चमधल्या पिकाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी, निघतं. त्या दिवशी भोपळे, केळी, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या यांचा लिलाव होतो, त्यातला निम्मा पैसा या कामाला ठरवून टाकलाय.

ज्वारी ठेवताना कडक ऊन दोन दिवस द्या, दाताखाली कडकन फुटली पाहिजे. पत्र्याच्या कोठीत थराथरानं कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मात्र चर्चच्या खोलीत कधीही नकोत. त्यांचा वायू जीवघेणा असतो, आणि आमच्याकडे त्याच खोलीत चौकीदार झोपायचा. मी पाहिलं तेव्हा गोळ्यांची पुडी कोठीवर फोडायच्या तयारीत होती. हा माझा कमिटीशी झालेला सगळ्यात मोठा वाद. तो मी ओरडून जिंकला, याबद्दल मला अजून पश्चात्ताप नाही.

दळण मात्र आठवड्याचंच करा, वाडीतल्याच गिरणीत. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि गार झाल्यावर ती वातड होते. तरण्या माणसाला ते चालतं. कवळी नसलेल्या बोळक्या तोंडाला नाही.

रांधणार कोण

पहिल्या महिन्यात आम्ही शहाणपणा केला. चर्चमधल्या बायका घरी स्वयंपाक करायच्या आणि तरुण संघाची पोरं मोटरसायकलवर डबे घेऊन अठरा किलोमीटर घाट चढायची. पेट्रोलचा खर्च डाळीच्या वर गेला. भाकरी पोचेपर्यंत घाम सुटून ओली. तिसऱ्या आठवड्यात एक पोरगा घसरून पडला, गुडघा फोडून घेतला, वरण घाटाला वाहिलं.

रांधणारी बाई वाडीतलीच पाहिजे, आणि तिला मजुरी पाहिजे. गर्भपिशवी काढल्यामुळे ऊस तोडायला न जाऊ शकणाऱ्या बायका आमच्या जिल्ह्यात किती आहेत, हे २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. त्या घरी असतात, घरात पैसा नसतो, आणि हात चालतात. आमच्या रांधणाऱ्या मावशी त्यांतल्याच. वजन उचलायचं काम त्यांना सांगत नाही, पाण्याच्या घागरी दुसरी बाई भरते. दोघींना तीन तासांची मजुरी देतो, शेतातल्या अर्ध्या दिवसाइतकी, दर शनिवारी, न चुकता. "सेवा आहे, थोडं कमी घ्या" असं गरीब बाईला म्हणू नये. सेवा आपली आहे, तिचं ते काम आहे.

मावशी पहाटे साडेसहाला चूल पेटवतात. आधी वरण, मग भाकऱ्या. त्यांचं बघण्यासारखं आहे: आधण परातीत ओतायचं, उलथन्यानं पीठ ढवळायचं, चटका सोसवेल इतपत झालं की तळहाताच्या उशीनं रगडायचं. मी मोजलं, एका गोळ्याला शंभर-सव्वाशे वेळा हात जातो. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, पाणी वाळायच्या आत उलटायची, मग निखाऱ्याच्या तोंडाशी उभी करायची. टम्म फुगली की दुरडीत फडक्याखाली. ५० भाकऱ्यांना पावणेदोन तास लागतात. मला कुणी विचारलं की मशीन का घेत नाही, तर मी त्या दुरडीवरचं फडकं उचलून वास घ्यायला सांगते.

पंगत समाजमंदिराच्या ओट्यावर, साडेदहाला. उशीर नको. बीपी-शुगरच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेऊन बसलेली असतात माणसं. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी ताट जातं.

आता अवघड गोष्ट. वाडीत वंजाऱ्यांची घरं जास्त, काही मराठा, खाली बौद्ध वस्ती, ओढ्यापलीकडे लमाणांचा तांडा. एक हंडी, एक पंगत, असं आम्ही आधीच ठरवलं आणि आधीच सांगितलं. पहिल्या दिवशी तेवीसांतले चौदाच आले. मी काही बोलले नाही. जे आले नाहीत त्यांच्या घरी त्याच हंडीतलं ताट गेलं. कुणाला वेगळं रांधलं नाही, कुणाला उपाशी ठेवलं नाही, भाषण तर कुणालाच दिलं नाही. घरी एकट्यानं जेवणं म्हाताऱ्या माणसाला नकोसं होतं. संक्रांतीपर्यंत एकोणीस जण ओट्यावर होते. दोघं अजूनही घरीच जेवतात. एकाचे गुडघे धरलेत, दुसऱ्याचं मन. दोघांची ताटं जातात.

आणि रांग नको, हे माझं हट्टाचं. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. जालन्याला मिशनच्या आवारात आम्ही राहायचो. सुकडीसाठी (दुष्काळात वाटायचे ते कोरडं खाणं) वाटी घेऊन रांगेत उभी राहायचे तेव्हा माझ्या पुढं एक म्हातारे गृहस्थ असायचे, डोक्याला फेटा, आणि वाटी धोतराच्या सोग्याखाली लपवलेली. नंबर आला की झटकन बाहेर काढायचे. सुकडीची चव विसरले, तो सोगा विसरले नाही. आमच्याकडे म्हातारं माणूस बसतं, वाढणारा वाकतो.

गावाला विचारून, आणि साक्षीबद्दल

सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, शाळेचे मुख्याध्यापक आणि देवळात हरिपाठ चालवणारे बुवा. पाचही जणांच्या घरी स्वतः जा, चहा घ्या. बुवांकडे आधी. ते "हो" म्हणाले की बाकीच्यांना अडचण राहत नाही. आमच्या बुवांनी एकच विचारलं, "बाई, बदल्यात काय?" मी म्हटलं, काही नाही, फक्त एकादश्या कोणत्या ते सांगा. त्यांनी पंचांगातून खुणा करून दिल्या.

त्या दिवशी उपासाच्या लोकांना भगर आणि शेंगदाण्याची आमटी. भगर अख्खी घ्या, निवडून, धुऊन, ताजी शिजवा. सुट्टं भगरीचं पीठ आणू नका. त्याला बुरशी लवकर धरते आणि उपासाच्या दिवसांत आपल्याकडे विषबाधेच्या बातम्या येतात त्या बहुतेक त्यातूनच. एका महाशिवरात्रीला मी स्वतः रात्रभर सलाईनी लावत बसलेली आहे.

ओट्यावर प्रार्थना घेत नाही. पत्रकं नाहीत, ताटांवर क्रूस नाही, बॅनर नाही. यावरून मंडळीत वाजलं. चर्चमधले एक वडीलधारे म्हणाले, "साक्ष द्यायची नाही, आपला विश्वास सांगायचा नाही, तर मग जायचं कशाला?" दुसरे म्हणाले, "निदान चर्चचं नाव तरी." मी त्यांना जालन्याजवळच्या बेथेलची आठवण दिली. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं गाव, माझी आजी तिथली. तिथं त्यांनी शाळा काढली, शेती उभी केली, आणि माणसं त्यांना इतकी ओळखत होती की पाटी लावायची गरज नव्हती. भुकेल्या माणसाच्या ताटापुढं प्रार्थना ठेवली की त्याला "नाही" म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं "हो" देवाच्याही कामाचं नाही, असं मला वाटतं. कुणी स्वतःहून बोलावलं, की बाई, दुखतंय, तुमच्या देवाला सांगा, तर मी त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करते. अशी बोलावणी येतात. त्यांचा हिशोब मी ठेवत नाही आणि पाळकसाहेबांनाही देत नाही.

तरी दुसऱ्या वर्षी चार पोरं बाहेरून आली, मोबाइल चालू ठेवून. "किती जणांना बाटवलं?" मी उत्तर द्यायच्या आधी मावशी परातीतले हात तसेच घेऊन उठल्या. "मी रांधते. ही माळ बघ गळ्यातली. तुझी आजी कुठंय रं, जेवली का?" पोरं थोडा वेळ थांबली. एकानं भाकरी खाल्ली. पुन्हा आली नाहीत.

असं काही घडलं तर भांडू नका, पण पोलीस पाटलांना त्याच दिवशी सांगून ठेवा. सुरुवातीला ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची पोच घेतलेली असू द्या, ती अशा वेळी उपयोगी पडते. त्या पत्रात "जेवण" एवढंच लिहा, "उत्थान" वगैरे शब्द घालू नका.

फोटो फक्त धान्याचे आणि पावत्यांचे.

ताटात काय

वरण-भाकरी रोज. सोबत कोरड्यास बदलतं: सोमवारी पिठलं, मग मेथी किंवा पालक, मग येसराची आमटी, मग हुलग्याचं माडगं. थंडीत माडग्याला तोड नाही. ज्यांना दात नाहीत त्यांना ज्वारीच्या कण्या, ताकात. मीठ दोन ठिकाणी घालतो, वरणात कमी आणि वाटीत वेगळं, कारण तेवीसांतल्या अकरा जणांना बीपी आहे. ठेचा बंद करायचा मी एकदा प्रयत्न केला. पंगतीत मौन पाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी ठेचा परत आला.

रविवारी शाळेचा पोषण आहार नसतो, तेव्हा आजीआजोबांकडे राहिलेली नऊ पोरंही येतात. रविवारी दीड किलो पीठ जास्त भिजवा. त्याच दिवशी आमची उपासना असते, चर्चमधून कुणीच वाडीत नसतं, आणि पंगत अगदी व्यवस्थित होते. त्यावरून काय ते समजा.

डोळा, गोळी, अंगठा

जेवण सुरू झालं की बाकीची कामं आपोआप दारात येतात. सगळी घेऊ नका. आम्ही तीन घेतो.

बीपी-शुगर दर गुरुवारी, नोंद वहीत. गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, विकत आणू नका. आपण विकत आणल्या की सरकारी गोळी हलकी असं माणसाच्या मनात बसतं आणि आपण गेल्यावर तो दोन्ही सोडतो.

मोतीबिंदू. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया, भिंग, सगळं मोफत आहे. तरी म्हातारी माणसं आंधळी का राहतात? कारण सोबतीला माणूस लागतो, आणि माणूस कर्नाटकात ऊस तोडतोय. तेव्हा मंडळीनं द्यायचं ते माणूस. आमच्याकडे सहा जणांची पाळी आहे: एक दिवस तपासणीला, एक-दोन दिवस शस्त्रक्रियेला, एक फेरतपासणीला. आधी महिनाभर शुगर ताब्यात आणा, नाहीतर टेबलावरून परत पाठवतात आणि माणूस पुन्हा तयार होत नाही. नंतरच्या थेंबांची जबाबदारी शेजारच्या शाळकरी पोरीला द्या, तिला घड्याळ कळतं आणि तिचा हात थरथरत नाही. चूल फुंकायची नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. त्या खुंटीवाल्या आज्जीचा उजवा डोळा तिसऱ्या हंगामात झाला. पट्टी काढल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, तू तर म्हातारी हैस की."

तिसरं, निराधारचे पैसे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतून महिना १५०० रुपये येतात, पण हयातीचा दाखला राहिला की ते थांबतात, आणि घासून गेलेला अंगठा मशीनवर उठत नाही. हात कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, दुसरी बोटं लावून बघा. अनामिका बऱ्याचदा उठते, आयुष्यभर तिच्यावर विळ्याचा भार कमी पडलेला असतो. नाहीच जमलं तर ग्राहक सेवा केंद्राचा नाद सोडून सरळ बँकेच्या शाखेत न्या. म्हाताऱ्यांच्या पैशाला मात्र हात लावायचा नाही. मोजून द्या म्हटलं तरी त्यांच्याच मांडीवर मोजा. पासबुक सांभाळायला घेऊ नका. तरुण संघातल्या एका भल्या पोरानं सोय म्हणून पाच पासबुकं आपल्या पिशवीत ठेवली होती, आणि वाडीत आठ दिवस जी कुजबुज झाली ती मोडायला आम्हाला दोन महिने लागले. पोराचा काही दोष नव्हता. तो पुन्हा वाडीत आला नाही, याचं मला वाईट वाटतं.

पैसे, थोडक्यात

या कामाचं खातं वेगळं ठेवा. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर त्याच्याच नावानं पावत्या फाडा. परदेशातल्या एखाद्या चर्चनं प्रेमानं रक्कम देऊ केली आणि परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी तुमच्याकडे नसेल तर आभार मानून नाही म्हणा. त्यात पळवाट शोधू नका. जमाखर्चाचा कागद दर महिन्याला दोन ठिकाणी लावा: चर्चच्या फळ्यावर आणि वाडीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर. वाडीतला कागद जास्त वाचला जातो. तिथूनच आम्हाला कळलं की तिखट आम्ही महाग घेतोय.

जुने कपडे घेऊ नका. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडे ड्यूटीवर गेले होते, रस्त्याकडेला पावसात भिजलेले कपड्यांचे ढीग आणि त्यात बसलेली कुत्री अजून आठवतात. "देऊ का?" म्हणून फोन येतात. मी ज्वारी मागते.

हंगाम मोडताना

पाडव्याच्या आसपास रात्री-अपरात्री ट्रॅक्टर वाडीत शिरतात. ज्या घरचा कोयता आला त्या घरचं ताट त्या दिवसापासून बंद. निरोप समारंभ, सत्कार, नारळ यांतलं काही नको. सून चूल पेटवते आणि तुमचं काम तिथं संपतं. एखाद्या घरी मात्र आठ दिवस थांबा. बाई आजारी येते, बाळंत होऊन येते, किंवा उचल फिटलेली नसते आणि माणूस तिकडेच अडकलेला असतो. ते मावशींना आधी कळतं, त्यांना विचारा.

ताटं-वाट्या मोजून घ्या, तव्याला तेल लावून कागदात गुंडाळा, उरलेली डाळ मावशींना द्या आणि कोठी रिकामी करून उन्हात ठेवा. नवी ज्वारी तोवर बाजारात आलेली असते.

परतलेली पोरं भेटायला येतात, अवघडून उभी राहतात, म्हणतात, "बाई, किती झालं सांगा." पैसे घेऊ नका. पण दोन वर्षांपूर्वी खुंटीवाल्या आज्जीचा मुलगा गुळाची ढेप खांद्यावर घेऊन आला, ओट्यावर ठेवली आणि न बोलता उभा राहिला. आमचे खजिनदार हात जोडून नको-नको म्हणायला लागले. मी त्यांना कोपरानं ढोसलं. असं कुणी आणलं तर घ्या, वजन करा आणि त्याच्या देखत पावती फाडा: गूळ, एक ढेप, १० किलो, पुढच्या हंगामासाठी जमा.